शूरा म्हणजे शूर नव्हे

ज्यांना इथं मत देण्याचा हक्क नाही अशा आम्हा परदेशी माणसांनी अर्धं भरलेल्या या बेटावर, मतदानावर आमच्या सभापतींइतकं प्रेम केलेला दुसरा माणूस झाला नाही आणि होणारही नाही. बहारीनमध्ये निवडणूक आली की इथले नागरिक मत कुणाला द्यायचं याची चर्चा करतात, आणि आपल्यासारखे कामाला आलेले लोक उमेदवारांच्या फलकांमुळे चौकातलं वळण दिसत नाही म्हणून कुरकुरतात. सभापती मात्र त्या दिवसांत असे काही खुलायचे, जसं घरात लग्न निघालंय आणि नवरीचे मामा तेच आहेत. तुबलीहून सनदला जाताना ते प्रत्येक फलकापाशी गाडी हळू करायचे. गाड्यांच्या नंबरप्लेटी आणि एसीच्या यंत्रांवरच्या पट्ट्या वाचून वाचून त्यांना अरबी अक्षरं लागायला लागली होती. उमेदवाराचं नाव ते मोठ्यांदा वाचायचे आणि चेहऱ्यावरून निकाल सांगायचे. "हा पहिल्या फेरीत निघतो बघा. हा मात्र दुसऱ्या फेरीत जाणार, मिशीत आत्मविश्वास नाही." त्यांचे अंदाज बहुतेक चुकायचे. त्यानं त्यांच्या उत्साहावर काही परिणाम व्हायचा नाही.

त्यांच्याविषयी आपल्या मंडळींत एक गोष्ट फार हसून सांगितली जाते. सभापतींनी अरबी शब्दाचा भलताच अर्थ लावला आणि एका गरीब ड्रायव्हरची नोकरी जाता जाता वाचली, अशी ती गोष्ट. ती पसरवणाऱ्यांत मी पहिला, आणि रंगवून सांगणाऱ्यांतही पहिला. आता वय झालं आहे, उजवा कान साथ देत नाही, आणि दुपारी डोळा लागला की हीच गोष्ट मनात येते. म्हणून सुरुवातीलाच सांगून टाकतो, की तो भलता अर्थ त्यांनी लावला नव्हता. मी लावला होता. हे एकदा सांगितलं म्हणजे पुढं मोकळ्या मनानं त्यांच्यावर हसता येईल. त्यांच्यावर हसण्यासारखं दुसरं पुष्कळ आहे.

सभापती मूळचे अकोल्याकडचे. तुबलीतल्या एका वर्कशॉपमध्ये एसी दुरुस्तीवर सुपरवायझर, राहायला सनदला. घरात बाबासाहेबांची तसबीर, समोर बुद्धाची छोटी मूर्ती, आणि मधल्या टेबलावर सदैव उघडं पडलेलं भारताचं संविधान. दुसऱ्यांच्या घरी पाहुण्यांसमोर फोटोंचा अल्बम ठेवतात तसं. एकवीस-बावीसाव्या वर्षी ते आखातात आले, आणि तेव्हापासून भारतातली प्रत्येक निवडणूक नेमकी त्यांची सुट्टी नसताना यायची. म्हणजे ज्या देशात हक्क होता तिथं ते नव्हते, आणि जिथं होते तिथं हक्क नव्हता. या दोन्हींच्या मधल्या समुद्रावर त्यांनी स्वतःची एक संसद उभी केली, असं म्हणायला हरकत नाही.

त्यांचं बोलणं दोन प्रकारचं होतं. लोकांत असले की सभागृहातली मराठी. मला ते 'माननीय तात्या' म्हणायचे, आणि चहात साखर कमी असेल तर "या कपाकडे मी आपलं लक्ष वेधू इच्छितो" असं म्हणायचे. पण मन हललं की सगळा शिष्टाचार गळून पडायचा आणि आत दडलेला वऱ्हाडी माणूस बाहेर यायचा. घरी आठवड्याची भाजीसुद्धा ठराव मांडून ठरायची. त्यांची लेक इंग्रजी शाळेतली. मराठी सगळी कळायची, पण उत्तर इंग्रजीत. ती दप्तर पाठीला लावत म्हणायची, "पॉइंट ऑफ ऑर्डर, बाबा, आय अ‍ॅम लेट." यावर सभापती गंभीरपणे "मुद्दा ग्राह्य" म्हणत आणि गाडीची किल्ली घेत. वहिनी हे सगळं ओट्यापाशी उभ्या राहून ऐकायच्या. एकदा खालच्या सभागृहानं, म्हणजे बापलेकीनं, चिकनचा ठराव एकमतानं मंजूर केला. वहिनींनी शांतपणे दोडकी चिरायला घेतली. म्हणाल्या, "तुमचं झालं का? आता वरच्या सभागृहाकडं पाठवा. वरचं सभागृह मी आहे."

हे वरचं आणि खालचं सभागृह त्या घरात आलं ते बहारीनकडूनच. इथल्या संसदेला दोन सभागृहं आहेत. खालचं लोकांनी निवडलेलं. चाळीस मतदारसंघ, प्रत्येकातून एक. कुणालाच निम्म्याहून जास्त मतं मिळाली नाहीत, तर पहिल्या दोघांत पुन्हा मतदान. वरच्या सभागृहातही चाळीसच, पण ते राजानं नेमलेले. कायदा व्हायचा तर दोन्हीकडून जायला हवा, आणि एकमत झालंच नाही तर दोघांची एकत्र बैठक. ही रचना सभापती कुणालाही, कुठंही समजावून सांगायचे. हाताची मूठ खाली धरायची, ती निवडलेली. दुसरा हात पसरून तिच्यावर धरायचा, तो नेमलेला. लिफ्टमध्ये माणसं घाबरायची.

एकदा निवडणुकीच्या दिवसांत एका उमेदवाराच्या तंबूतला एसी बंद पडला. इथं उमेदवार मोठे तंबू टाकतात, मतदार येऊन बसतात, कॉफी-खजूर होते, भाषण होतं, प्रश्नोत्तरं होतात. सभापती तिथं दुरुस्तीला गेले. एसी चालू झाला, पण हे निघेनात. कोपऱ्यातल्या खुर्चीवर, हातात पाना घेऊन, समजलं तेवढं आणि न समजलं तेवढं सगळं भाषण त्यांनी ऐकलं. शेवटी प्रश्न विचारा म्हटल्यावर यांनी पाना वर केला. अर्ध्या अरबीत आणि अर्ध्या हिंदीत विचारलं, की दुसऱ्या फेरीला लोक कमी येतात, त्यावर आपण काय करणार? मग उमेदवारानं अगदी मनापासून उत्तर दिलं आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. जाताना त्यानं यांचा हात हातात घेऊन मत मागितलं. हे म्हणाले, "अना मफी वोट." मला मत नाही. तो हसून म्हणाला, "इंशाल्ला." एवढ्या एका शब्दावर सभापती पुढं कित्येक दिवस चालत होते.

आता मंडळाची गोष्ट. आपलं इथलं मराठी मंडळ तेव्हा आम्ही ऑफिसातली दोन-तीन माणसं चालवायचो. चालवायचो म्हणजे काय, झिंजला माझ्या घरी बसून ठरवायचो आणि सगळ्यांना कळवायचो. जयंतीला वक्ता कोण, गणपतीत नाटुकलं कुणाचं, सहलीला कुठं. तुबलीच्या गॅरेजांतले सुतार, वेल्डर, ड्रायव्हर यायचे, सतरंज्या घालायचे, जेवून सतरंज्या उचलायचे. सभापती मंडळात आले आणि पहिल्याच शुक्रवारी उभे राहून त्यांनी विचारलं, "या समितीची निवडणूक कधी झाली होती?" आम्ही एकमेकांकडे पाहिलं. मी म्हणालो, "अहो, भांडणं होतील." ते म्हणाले, "होऊ द्या की. एका घरात राहणारी माणसंच भांडतात."

निवडणुकीत आपण पडणार हे आम्हा ऑफिसवाल्यांना स्पष्ट दिसत होतं. त्यावर तोडगाही सभापतींनीच काढला. आपण ज्या बेटाचं मीठ खातो त्याचीच पद्धत घेऊ. तुबली, सनद आणि झिंज असे मतदारसंघ, त्यांतून निवडलेलं खालचं सभागृह. आणि वर नेमलेलं, अनुभवी लोकांचं. चाळीस अधिक चाळीस केले असते तर मतदार म्हणून कुणी उरलंच नसतं, म्हणून आकडा आटोक्यात ठेवला. नेमणार कोण, राजा तर आपल्याकडे नाही? मग सगळ्यांत जुना सभासद म्हणून तो मान मला मिळाला. सभापतींनी स्वतः कुठलीच जागा घेतली नाही. ते फक्त सभा चालवणार.

आणि सभा कशी चालवली म्हणता! हॉलच्या खुर्च्या त्यांनी अर्धगोलात मांडल्या. ज्या वेल्डरनं उभ्या जन्मात चार माणसांत तोंड उघडलं नव्हतं, तो उभा राहून "अध्यक्ष महाराज, मागच्या वेळी वाढपाला आम्ही आणि पंगतीला तुम्ही, हे का?" असं विचारू लागला. ऐकायला बरं वाटत नव्हतं, पण खरं होतं. बायका पोरांना घेऊन यायला लागल्या, कारण टीव्हीपेक्षा इथं जास्त मजा होती. इथल्या खालच्या सभागृहाच्या अरबी नावात 'नुव्वाब' असा शब्द आहे, म्हणजे प्रतिनिधी. आमच्या लोकांनी त्याचं नवाब केलं. वरच्याला 'शूरा' म्हणतात. हा शब्द मराठी कानावर कसा पडतो ते तुम्हीच बघा.

तुबलीत उभा राहिलेला आमचा बाबल निवडणुकीत पडला. मालवणकडचा हा ड्रायव्हर, स्वभावानं लोण्यासारखा आणि रागानं फणसासारखा. पडल्यावर त्यानं मंडळात येणंच सोडलं. तो नसला की सहलीची बस कोण चालवणार, या विचारानं मी त्याला वर नेमून टाकला. निरोप द्यायला गेलो तेव्हा तो गाडी धूत होता.

"तात्यानू, शूरा म्हणजे काय ओ?" त्यानं विचारलं.

शूरा म्हणजे सल्लामसलत, हे सभापतींनी मला नीट समजावलेलं होतं. पण त्याचा उतरलेला चेहरा बघून मला वाटलं, जरा गंमत करू, याची कळीही खुलेल. मी म्हणालो, "शूर माणसांची सभा रे. निवडून येतात ते नुसते नवाब. शूरांना नेमावं लागतं. म्हणून तुला घेतला."

बाबलच्या हातातला पाण्याचा पाइप तसाच वाहत राहिला. "माका?" तो म्हणाला. "आज आवशीक फोन करतंय!"

त्यानं आईला फोन केला. आईनं वाडीत सांगितलं. भावाचा मित्र फ्लेक्सच्या दुकानात कामाला. त्यानं मोबाइलवर 'शूरा कौन्सिल बहारीन' असं शोधलं, तर भव्य सभागृह, लाकडी बाकं, समोर ध्वज असं चित्र निघालं. आणि वाडीच्या स्टँडवर फ्लेक्स लागला. 'आमच्या वाडीचे सुपुत्र यांची बहारीन देशाच्या शूरा कौन्सिलवर निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन! शुभेच्छुक: समस्त ग्रामस्थ व मुंबईकर मंडळी.' मधल्या बाकावर बाबल, त्याच्या लग्नातल्या कोटात, काळा गॉगल लावून. मी तो फोटो पाहिला तेव्हा पोट धरून हसलो आणि दहा जणांना पुढं पाठवला.

माझ्या त्या दहा जणांतून असेल किंवा आणखी कुणाकडून, पण तो फोटो फिरत फिरत बाबलच्या कंपनीच्या ऑफिसात पोचला. तिथं कुणीतरी मोबाइलवर त्याचं भाषांतर केलं. एका परदेशी ड्रायव्हरनं स्वतःला इथल्या संसदेचा सभासद म्हणवून घेतलंय, असा त्याचा अर्थ निघाला. आता अशी गोष्ट हसण्यावारी कोण नेईल? मॅनेजरनं गाडीची किल्ली काढून घेतली आणि सांगितलं, मालकांसमोर ये, मग व्हिसाचं बघू. बाबल सरळ सभापतींच्या वर्कशॉपवर गेला आणि एसीच्या उघड्या खोक्यांमध्ये बसून रडायला लागला. "माका घराक धाडतले ओ. बॅनर उतरवूक सांगलंय, पण आवस म्हणता, आता उतरवलो तर लोक काय म्हणतले?"

सभापतींनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. "कायले भेतं बाप्पा? मी हाये ना."

तिथून ते दोघं माझ्याकडे झिंजला आले. सभापती दारातच उभे राहिले. म्हणाले, "तात्या, चला. मालक बोलावतोय." माननीय म्हणाले नाहीत. मी म्हणालो, माझं ब्लडप्रेशर वाढलंय. वाढलंही होतं. मग म्हणालो, "शिवाय तुम्हीच बोललेलं बरं. सभापती तुम्ही आहात." त्यांनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं. मग मान डोलावली आणि म्हणाले, "मुद्दा ग्राह्य."

पुढचं बाबलनं मला नंतर सांगितलं. मालक म्हणजे एक म्हातारा व्यापारी. तरुणपणी माल आणायला मुंबईला जायचा, त्यामुळं हिंदी बरी. त्यानं फोटो टेबलावर ठेवला आणि सभापतींना नीट न्याहाळलं.

"तुम लोगों ने यहाँ दूसरी मजलिस बनाई?"

"जी. दो बनाईं. एक नीचे, एक ऊपर."

"क्यों? एक में झगड़ा कम पड़ता था?"

सभापतींनी अतिशय गंभीरपणे दोन्ही हात पुढं केले, मूठ खाली, पंजा वर, आणि त्या माणसाला त्याच्याच देशाची रचना समजावून सांगितली. तो ऐकत राहिला. मग विचारलं, "करते क्या हो इसमें?"

"खाने का मेनू. गाने का प्रोग्राम. पिकनिक."

"और शूरा का मतलब बहादुर, ये इसको किसने बताया?"

बाबल माझं नाव घेणार होता. त्यानं तोंडही उघडलं. तेवढ्यात सभापतींचा जड बूट त्याच्या पायावर पडला.

"मैंने," सभापती म्हणाले.

"गलत बताया. शूरा मतलब सलाह. बताने से पहले तुमने किसी से सलाह की?"

"नहीं की."

"यही गलती है," म्हातारा म्हणाला. त्यानं बाबलची किल्ली टेबलावर सरकवली. बॅनर आजच उतरवायचा, आणि तुमच्या मंडळात ही मजलिस, ही शूरा, ही नावं पुन्हा ऐकायला येता कामा नयेत. "खलास?" सभापती म्हणाले, "खलास."

नावं बदलून सभा चालू ठेवता आल्या असत्या. पण पुढच्या शुक्रवारी सभापतींनी दोन्ही सभागृहं विसर्जित केल्याचं जाहीर केलं आणि राजीनामा दिला. लोक घाबरलेले होते, आणि घाबरलेल्या माणसाला कुणावर तरी चिडायचं असतं. कुणी म्हणालं, यांच्या पोरखेळापायी पोराचा संसार उठला असता. कुणी म्हणालं, अरबी येत नाही तर शब्द कशाला वापरायचे? बाबल उठला आणि म्हणाला, "तसां नाय हा..." सभापतींनी त्याला हातानं बसवलं. मग हात वर करून सगळ्यांनी चूक सभापतींचीच ठरवली. मी पहिल्या रांगेत होतो. माझा हात वर गेला नाही, एवढंच मी स्वतःच्या बाजूनं सांगू शकतो. तो बटाटेवड्याच्या बशीत होता.

त्यानंतर आम्ही दोन-तीन माणसं पुन्हा झिंजला बसून सगळं ठरवू लागलो. भांडणं थांबली. वेल्डर पुन्हा गप्प झाला, मग यायचाच बंद झाला. सभापती मात्र यायचे, शेवटच्या रांगेत बसायचे. त्यांच्यासमोर मी ती गोष्ट कितीतरी वेळा सांगितली आहे, त्यांच्या आवाजाची नक्कल करून. तेही हसायचे. हसून झाल्यावर माझ्याकडे बघायचे, त्यात राग नसायचा. तो असता तर मला सोपं गेलं असतं.

यंदा वहिनींकडून कळलं, की त्यांच्या कंपनीनं व्हिसा वाढवायचा नाही असं ठरवलंय. ते कायमचे अकोल्याला निघाले आहेत. मला झोप लागेना. मंडळाच्या बैठकीत मी उभा राहिलो आणि म्हणालो, मला एक ठराव मांडायचाय. शूराचा अर्थ मी सांगितला होता, सभापतींनी नव्हे, दोष माझा आहे, अशी नोंद व्हावी. आताची समिती तरुण पोरांची. कुणाला ते प्रकरणच माहीत नव्हतं. चिटणीस फार चांगला मुलगा आहे. तो म्हणाला, "नक्की काका, ग्रुपवर टाकू," आणि जेवण तयार असल्याचं त्यानं जाहीर केलं.

पुढच्या सुट्टीच्या दुपारी बाबलनं मला गाडीतून सनदला नेलं. सभापतींचं सामान बांधणं चाललं होतं. घरात बसायला जागा नव्हती म्हणून आम्ही खालच्या टपरीवर करक, म्हणजे इथला आटीव दुधाचा कडक चहा, घ्यायला गेलो. मी बाकावर, सभापती माझ्याशेजारी, बाबल गाडीच्या दाराला टेकून. मी बैठकीतली हकीकत सांगितली. त्यांनी सगळी नीट ऐकून घेतली.

"ठराव रीतसर मांडला?"

"मांडला."

"अनुमोदन?"

"कुणी दिलं नाही."

"मग पडला, तात्या," ते हळूच म्हणाले. "सूचक आहे, अनुमोदक नाही. त्याला इलाज नाही."

"माझां आसा," बाबल म्हणाला. त्यानं चहाचा कप गाडीच्या टपावर ठेवून हात वर केला होता. "अनुमोदन माझां. तेवाच देऊक होया होतां. तुम्ही बसवलात माका."

सभापतींनी शर्टाचं वरचं बटण लावलं, पाठ ताठ केली आणि रस्त्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नजर फिरवली. सावलीत एक मांजर झोपलं होतं. टपरीवाला दूध आटवत होता.

"कुणाचा विरोध?" त्यांनी विचारलं. बराच वेळ थांबले, नियमानं थांबायला हवं तेवढा. "विरोध नाही. ठराव एकमतानं मंजूर."

मी म्हणालो, मी हे सगळं लिहून काढणार आहे, आपल्या लोकांना वाचायला मिळेल असं. तुमच्या नावासकट.

"नाव नको," ते म्हणाले. "मी आता अध्यक्षस्थानी होतो. ठरावात सूचकाचं नाव येतं, अनुमोदकाचं येतं. अध्यक्षाचं येत नसतं."

म्हणून ते इथं लिहिलेलं नाही.